हाटकेशचा जपानी रिसीव्हर

आमच्या हॉलमधला रिसीव्हर मी निवडला. हे आधीच सांगून टाकते, कारण नात्यातली माणसं अजून म्हणतात, "तुझ्या नवऱ्याला आवाजातलं कळतं हं." कळतं डोंबल! आमच्या ह्यांना मोठा आवाज आणि लहान आवाज, एवढे दोनच प्रकार माहीत. पण माणूस चांगला, म्हणून इतकी वर्षं मी गप्प बसले. आता वय झालं, आता कोणाची भीड ठेवू?

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची आहे. आधी आम्ही भाईंदरला भाड्याच्या एका खोलीत राहायचो. झोपणं, शिजवणं, दोन मुलींचा अभ्यास, सगळं त्याच दहा बाय बारामध्ये. मग कर्ज काढून मीरा रोडला वन बीएचके घेतला. त्याच वर्षी ह्यांना सरकारी ऑफिसात प्रमोशन मिळालं, साध्या क्लार्कचे हेडक्लार्क झाले. नव्या घरात सोफा आला, काचेचं शोकेस आलं, एकवीस इंची टीव्ही आला. शोकेसच्या मधल्या खणात मात्र हे काही ठेवू देईनात. म्हणे तिथे म्युझिक सिस्टिम येणार.

साधा टेपरेकॉर्डर त्यांना नको होता. ऑफिसातल्या साहेबांच्या घरी त्यांनी ऑडिओ-व्हिडिओ रिसीव्हर बघितला होता. म्हणजे एक मोठा काळा डबा. त्याला टीव्ही जोडायचा, सीडी जोडायची, कॅसेटचा डेक जोडायचा. रेडिओ त्याच्या पोटातच असतो. तो सगळ्यांचा आवाज घेतो आणि खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरांना वाटून देतो. "आपण मध्ये बसायचं," हे दोन्ही हात पसरून सांगायचे, "आणि आवाज पाठीमागून सुद्धा येतो!" दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना रिसीव्हर, आंघोळीला जाताना रिसीव्हर. धाकटी तर शाळेत सांगून आली की आमच्या घरी पाहुणा येणार आहे, त्याचं नाव रिसीव्हर.

आता माझं सांगते. मी मीरा रोडजवळच्याच हाटकेश भागात एका गाळ्यात कामाला होते. आमच्या शेठचा ट्रान्सफॉर्मर बनवायचा छोटा कारखाना होता. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडाच्या पत्र्यांचा ठोकळा आणि त्याच्या मधोमध तांब्याच्या तारेची गुंडाळी. घरातली लाईट जशीच्या तशी आत घेतली तर टीव्ही-रेडिओ जळून जातील. हा ठोकळा ती लाईट कमी करून आतल्या यंत्राला देतो. ठोकळा चांगला तर डबा चांगला. ठोकळा फालतू तर वर कितीही दिवे लावा. आम्ही बारा बायका त्या गुंडाळ्या भरायचो. एका हाताने मशीनचा दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडायची. सैल सुटली तर गुंडाळी फुगते, जास्त ताणली तर तार तुटते आणि मग सगळं पहिल्यापासून. माझ्या त्या दोन बोटांना कायम बारीक चिरा असायच्या. अंगाला वार्निशचा वास यायचा, तो साबणाने सुद्धा जायचा नाही. पण माझी गुंडाळी परत आली असं आठ वर्षांत कधी झालं नाही. शेजारच्या मशीनवर राई गावची एक बाई बसायची, ती म्हणायची, "तुजा हात हाय का मशीन हाय गो? जरा थांब की, आमाला पन वाटा ठेव." मला ते ऐकून दिवसभर बरं वाटायचं. मी ते कोणाला सांगितलं नाही, पण वाटायचं.

शेठने एक पद्धत ठेवली होती. प्रत्येक बाईला एक नंबर. गुंडाळीचा शेवटचा थर झाला की आपल्या नंबरची कागदाची चिठ्ठी त्यावर ठेवायची, वरून पिवळा कपडा गुंडाळायचा आणि दोऱ्याने बांधून टाकायचं. का? तर माल जळून परत आला की कपडा फाडायचा आणि चिठ्ठी बघायची, म्हणजे कोणाच्या नावाने ओरडायचं ते कळतं. माझा नंबर अकरा. आणि दोरा मी गाठ मारून बांधायची नाही. कोकणात आमची आई भाताची पेंढी बांधताना पेंढ्याला पीळ देऊन तो खाली खोचायची, गाठ नाही, काही नाही, तरी पेंढी सुटायची नाही. मी दोरा तसाच पिळून खोचायची. शेठ पहिल्यांदा ओरडला, "ये क्या नाटक है?" मी म्हटलं, "खींच के देखो." त्याने ओढून बघितलं आणि पुढे गेला. तेव्हापासून बारा जणींत एकटी मी खोचणारी.

तर असं माझं काम. आणि एक दिवस हे जेवताना म्हणाले, "दिवाळीपर्यंत सोडून दे आता ते."

"काय सोडू?"

"ते हाटकेशचं. आता काय गरज आहे? उद्या ऑफिसची माणसं घरी येणार, साहेब येणार. मिसेस काय करतात विचारलं तर मी काय सांगू? वायर गुंडाळते?"

माझा घास हातातच राहिला. आठ वर्षं ह्या वायरीने मुलींच्या फिया भरल्या होत्या, आणि माणूस कसं म्हणतो बघा. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तेच हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यांनी हातानेच केलं गं. बापाने गोदीत पोती उचलली. आई लोकांची धुणी धुवायची. मी पहिला, टेबलाशी बसलेला. आता आपल्या घरात कोणाच्या हाताला घट्टे नकोत. बस झालं."

त्यांच्या आईचे हात मी बघितले होते. शेवटी शेवटी तिला बांगडी चढवता यायची नाही. त्यामुळे राग आला तरी पुरता काढता येईना, आणि असा अर्धवट राग फार वाईट. मी एवढंच म्हटलं, "हात काय नुसते वंदनेला जोडायला आहेत का?" आणि ताटं उचलली. हो म्हटलं नव्हतं. पण आपल्याकडे बाई गप्प बसली की पुरुषमाणसं त्याला होकार धरतात. ह्यांनी धरला.

पुढच्या रविवारी आम्ही भाईंदर स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. ह्यांनी आधीच दोन फेऱ्या मारून सेट पक्का केला होता. मला नेलं ते नुसतं बघायला. साडीच्या दुकानात आपण नवऱ्याला नेतो ना, तसं.

काउंटरवर तीन डबे मांडलेले. दुकानदार ह्यांच्याशीच बोलत होता, माझ्याकडे बघायचं कारणच नव्हतं त्याला. पहिला डबा खराखुरा परदेशी, पण तिकडच्या लाईटवर चालणारा. तिकडे लाईट आपल्या निम्मी. म्हणून त्याच्याबरोबर वेगळा कन्व्हर्टर घ्यायचा आणि त्यातून तो लावायचा. मी मध्येच म्हटलं, "आणि आमच्याकडे लाईट कमी-जास्त होते, तेव्हा?"

दुकानदार हसला. "भाभी, स्टॅबिलायझर लगा लो."

"म्हणजे डब्याला कन्व्हर्टर आणि कन्व्हर्टरला स्टॅबिलायझर. नवऱ्यापेक्षा करवल्याच जास्त," मी म्हटलं. हे म्हणाले, "तू थांब जरा."

तुम्हाला सांगते, त्या वेळी दहिसर नाक्याच्या पलीकडे, मुंबईत, लाईट छान आणि अलीकडे आमची ही दशा. संध्याकाळी सात वाजले की बल्ब पिवळा पडायचा, पंखा मोजून घ्यावा इतका हळू फिरायचा, आणि टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आकसायचं. बातम्या देणारी बाई सात वाजता सुकायची आणि दहा वाजता पुन्हा अंगाने भरायची. मग मध्येच कधीतरी लाईट एकदम चढायची आणि कोणाचा तरी फ्रिज जायचा. अशा ठिकाणी राहणाऱ्याने डबा घेताना आधी काय बघायचं? दिवे? नाही. ठोकळा बघायचा.

दुसरा डबा म्हणजे दिव्यांची जत्रा. गाणं लागलं की पुढे लाल-हिरवे दिवे वरखाली नाचतात. पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, दोन हजार वॅट. हे मोहून गेले. मी म्हटलं, "दोन हजार वॅटचा तर गिझर असतो. ह्याच्यावर पाणी तापवायचं का?" मग मी तो डबा मागून फिरवला. मागे खाली बारीक अक्षरांत खरं लिहिलेलं असतं, तो किती लाईट खातो ते. तिथे होते साठ वॅट. पोटात साठ गेले तर तोंडातून दोन हजार कुठून निघणार? मी डबा दोन्ही हातांनी उचलून बघितला. हलका! आत काही नाहीच. बडा घर पोकळ वासा.

आता दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. "भाभी, आप रहने दो. साहब ने जो पसंद किया है वो देखो. जापान का माल."

हा तिसरा डबा. काळा, साधा, पुढे मोठं एक बटण, आणि कोपऱ्यात चंदेरी स्टिकर, जपानमध्ये बनवलेला म्हणून. आवाज लावला. खरंच गोड आवाज होता. मी उचलायला गेले तर उचलेना. मागचा एक कोपरा चांगलाच जड. मी मनात म्हटलं, वा! मग कान टेकवला. कमी प्रतीच्या ठोकळ्याचा एक घुमण्याचा आवाज येतो, माशीसारखा, तो ह्याला अजिबात नव्हता. आणि मागे लिहिलेलं, आपली दोनशे तीस व्होल्टची लाईट, पण एकशे साठपासूनच चालणार. ते वाचलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी हललं. एकशे साठवर चालणारा डबा जपानी माणूस कशाला बनवेल? त्याच्या घरी कुठे संध्याकाळी सात वाजता बल्ब पिवळा पडतो?

मी म्हटलं, "वरचं झाकण खोलो."

दुकानदार म्हणाला, "सील टूट जाएगा." मी म्हटलं, "बिना देखे नहीं लेगा." हे कानात म्हणाले, "अगं, लोकं बघतायत." मी म्हटलं, "बघू देत. मुलगी बघायला गेलं तर लोक तिला चालून दाखव म्हणतात, आपण साधं झाकण पण उघडायचं नाही?" शेवटी कटकट नको म्हणून त्याने स्क्रू काढले आणि झाकण उचललं.

आत कोपऱ्यात ठोकळा. पिवळा कपडा, वर वार्निश चढलेला दोरा. आणि दोऱ्याला गाठ नव्हती. पीळ देऊन खाली खोचलेला.

मला एकदम हसू फुटलं. अगदी भर दुकानात, तोंडाला पदर लावायचं सुद्धा सुचलं नाही. हे घाबरले. "काय झालं?"

"अहो," मी म्हटलं, "हा मी बनवलाय."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा जमिनीत जावं असा. म्हणाले, "चल, घरी चल." मी जागची हलले नाही. दुकानदाराला म्हटलं, "ये पीला कपडा थोडा ऊपर करो. अंदर चिठ्ठी होगी. उसपे अकरा लिखा होगा." तो करेना. मग मीच नखाने कपड्याची कड उचकटली. वार्निशने कडक झालेली होती, पण निघाली. खाली चिठ्ठी. निळ्या बॉलपेनने लिहिलेला अकरा. माझंच अक्षर. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आठ वर्षं मी ती चिठ्ठी आत घालत होते. चूक सापडावी म्हणून घातलेली ती चिठ्ठी, आणि ती कोणी चांगल्यासाठी उघडून बघितली तर ती मीच, तेही माझ्या स्वतःच्या नवऱ्यासमोर. खरं सांगू? छाती भरून आली. जपानचा म्हणून लोक जो डबा डोळे झाकून घेत होते, त्याच्या काळजाच्या जागी माझी गुंडाळी होती. आमच्या हाटकेशच्या गाळ्यात बसून राईच्या बाईशी गप्पा मारत भरलेली.

दुकानदार पहिल्यांदा गोरामोरा झाला, मग पक्का धंदेवाला, लगेच सावरला. "देखो भाभी, अंदर का एखाद पार्ट इधर का होता है." मी म्हटलं, "एखाद पार्ट नहीं, डब्बा भी इधर का, स्क्रू भी इधर का. खाली स्टिकर जापान का. तो भाव भी इधर का लगाओ." बाजूला उभे असलेले दोघे-तिघे हसायला लागले. त्याने भाव बराच खाली आणला. मी ह्यांना म्हटलं, "घ्या. डोळे मिटून घ्या. ह्या तिघांत हाच टिकणार."

आणि हे काय म्हणाले? "नको. आपला नको."

रिक्षात बसल्यावर म्हणाले, "महिनाभर मी ऑफिसात सांगतोय, जपानी घेतोय. आता काय हाटकेशचा घेतला म्हणू?"

"त्यात काय झालं?"

"हसतील लोकं."

मला असा संताप आला! म्हटलं, "पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. परक्याने केलं म्हणून तोच डबा दहा मिनिटांपूर्वी तुम्हाला गोड वाटत होता. बायकोने केलाय कळल्यावर कडू झाला होय?" रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे म्हटलं. हे बाहेर रस्त्याकडे बघत बसले. आणि मला कळून चुकलं की प्रश्न डब्याचा नव्हताच. माझा हात लागलेली वस्तू हॉलमध्ये ठेवायला ज्या माणसाला नको, तो दिवाळीला माझं काम सोडवणारच.

बुधवारी एक गंमत झाली. म्हणजे आमच्यासाठी गंमत, ज्यांचं झालं त्यांच्यासाठी नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी अमेरिकेहून सेट आणला होता, कन्व्हर्टरवर लावलेला. लाईट चढली आणि फट् करून गेला. जिन्यात जळका वास पसरला. हे वर जाऊन बघून आले, हातपाय धुतले, देवळात बसावं तसे सोफ्यावर बसले. मग म्हणाले, "तो तुझा एकशे साठपासून चालतो असं मागे लिहिलंय, तो कसा?"

मी पीठ मळता मळता सांगितलं. शेठ स्वतः ह्याच भागात राहतो, त्याला इथल्या लाईटचे नखरे माहीत. म्हणून तो आतल्या गुंडाळीला नेहमीपेक्षा जास्त फेरे घ्यायला लावतो. लाईट पडली तरी पुढे पुरेशी पोचते. आणि तार जाड घ्यायला लावतो, लोखंड जास्त घालतो, म्हणजे चढली तरी लगेच तापत नाही. जड होतो, महाग पडतो, पण टिकतो. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती, माझ्या कामाबद्दल हा त्यांचा पहिला प्रश्न.

शनिवारी ऑफिसातून येताना हे रिक्षातून तो डबा घेऊनच आले. बरोबर पाच स्पीकर. मी काही बोलले नाही, आनंद दाखवला तर पुरुषमाणसं बिघडतात. पण शोकेसमध्ये ठेवल्यावर बघते तर पुढे चंदेरी स्टिकर तसंच. "हे काढायचं राहिलं वाटतं," मी म्हटलं. हे वायरी जोडत म्हणाले, "राहू दे गं तेवढं." म्हटलं, राहू दे तर राहू दे. माणसाला एकदम सगळं सोडता येत नाही.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ऑफिसची माणसं सेट बघायला आली. साहेब, त्यांच्या बाई, आणि ऑफिसातले आणखी दोघे. मी कांदेपोहे केले, ओल्या नारळाच्या करंज्या केल्या. हॉलमध्ये डब्याच्या पोटातल्या रेडिओवर गाणं लागलं होतं, साहेब मधल्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते आणि हे त्यांच्या चेहऱ्याकडे परीक्षेचा निकाल बघावा तसे बघत होते. साहेबांनी मान डोलावली. ह्यांनी श्वास सोडला.

मी ताटल्या घेऊन गेले तेव्हा साहेबांच्या बाई मला म्हणाल्या, "तुमचं बरंय हो. घरीच असता, मुलींकडे लक्ष देता येतं."

"घरी?" मी म्हटलं.

"मिस्टर तुमचे पहिल्यापासून सांगतात ना, मिसेसना नोकरी करू देत नाही म्हणून. नशीब लागतं."

मी ताटली त्यांच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात आले. ओट्याला टेकून उभी राहिले. पहिल्यापासून! म्हणजे दिवाळीला सोडायची नोकरी ह्यांच्या ऑफिसात मी कधी केलीच नव्हती. सकाळी नऊला डबा घेऊन निघणारी, बोटांना पट्टी बांधून परत येणारी ती कोण मग? रडू आलं नाही, नुसतं अंग गरम झालं. मी ठरवलं, काम तर सोडायचं नाहीच, ह्यांच्याशी बोलणं सोडायचं.

तेवढ्यात सात वाजले आणि लाईट पडली. ट्यूब फडफडून विझली. पंखा थकला. बाजूच्यांच्या घरात टेप चालू होता, त्यातला गाणारा माणूस जांभई दिल्यासारखा लांबत गेला आणि बंद पडला. आवाज बंद करून ठेवलेल्या आमच्या टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आत आलं. पण गाणं? गाणं चालूच. अख्खं, भरदार, एक सूर हलला नाही. अंधुक हॉलमध्ये पाचही स्पीकर सरळ गात होते.

साहेब उठून शोकेसजवळ गेले. वाकून स्टिकर बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "ह्याला म्हणतात जपानी माल! बघा, सगळ्या बिल्डिंगचं बसलं, पण ह्याला काही फरक नाही. आपल्या लोकांना जमणार आहे का असं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले. ह्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसती मान हलवायची होती. स्टिकर होतं, साहेब खूश होते, अंधार होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही.

"नाही साहेब," हे म्हणाले.

"काय नाही?"

"जपानी नाही. स्टिकर खोटं आहे. इथलाच आहे, हाटकेशचा." ह्यांनी घसा खाकरला. "लाईट पडली तरी हा चालतो तो आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे. तो हिने बनवलाय."

साहेबांना वाटलं थट्टा. हसले. "वहिनींनी? अहो, त्या तर घरी असतात ना?"

"खोटं सांगितलं मी," हे म्हणाले. "आठ वर्षं खोटं सांगतोय तुम्हाला. ती रोज कारखान्यात जाते. मला सांगायची लाज वाटायची. तिला कधी वाटली नाही, मलाच वाटायची."

गाणं तेवढं चालू होतं. माझ्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं, पण रागाने नाही. गोदीत पोती उचलणाऱ्याचा तो मुलगा, टेबलाशी बसायला किती धडपडला ते मला ठाऊक होतं. त्याच टेबलाच्या साहेबासमोर उभा राहून त्याने हे सांगितलं. तेवढा अभिमान मला त्यांच्या प्रमोशनचा सुद्धा वाटला नव्हता.

साहेब चांगले निघाले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "पण मला हे सांगा, लाईट पडली तरी हा चालतो कसा?" सगळ्यांनी सवयीने ह्यांच्याकडे बघितलं.

हे सोफ्यावर बाजूला सरकले. "तिला विचारा," म्हणाले.

मी हात पदराला पुसले आणि ह्यांच्या शेजारी, पाहुण्यांच्या मधोमध बसले. साहेबांच्या बाईंनी माझी बोटं बघितली. मी ती लपवली नाहीत. तीच दोन बोटं पुढे करून तार कशी सोडायची तिथपासून सांगायला लागले.